हरवली कोण होती?

नागपुरातल्या मानेवाडा भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५२, नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. गेल्या वर्षी एका स्थानिक संस्थेच्या लेखनस्पर्धेला त्यांनी बालपणीची एक आठवण लिहून पाठवली. त्या चार वर्षांच्या होत्या. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांनी लाकडी नंदी मिरवायचा दिवस, मारबतीची, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची गर्दी. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ आईचं बोट सुटलं. लाकडी नंदी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्यांना आपल्या पोत्यावर बसवून घेतलं, रडू नये म्हणून शिंग मोडलेला एक नंदी हातात दिला. बऱ्याच वेळाने आई शोधत आली. लेखाला पहिलं बक्षीस मिळालं.

समारंभाला अमरावतीहून त्यांची चार वर्षांनी मोठी बहीण आली होती. रात्री जेवणं आटोपल्यावर ती म्हणाली, "लिहिलं छान गं तू. पण हरवली मी होती. तू तर आईच्या कडेवर होती." पुढे असंही म्हणाली, की लेखाचं शेवटचं वाक्य, "बोट सुटलं तेव्हा आवाज झाला नाही", तेही तिचंच, कॉलेजात असताना ती मैत्रिणींना ही गोष्ट नेहमी त्याच शब्दांत सांगायची. त्या रात्रीपासून बहिणींचं बोलणं सणावारापुरतं उरलं आहे. आईवडील दोघंही नाहीत. आणि आता ती संस्था बक्षीसपात्र लेखांचं पुस्तक काढते आहे.

ताई विचारतात: "मी खोटारडी आहे का? लाल फ्रॉक घातलेली, पोत्यावर बसलेली मी मला आजही डोळ्यांसमोर स्पष्ट दिसते. मग ते खोटं कसं असेल? बक्षीस परत करू का? आणि गर्दीत माझ्या छातीत धडधडतं. गेल्या दोन वर्षांत तर सीताबर्डीच्या मेन रोडवर पाऊल ठेवलं नाही. ती आठवण माझी नसेल, तर ही भीती कोणाची?"

ताई,

तुम्ही खोटारड्या नाही. बहीणही नाही. खोटं बोलायचं तर निदान आपण खोटं बोलतोय हे स्वतःला ठाऊक असावं लागतं, आणि तुम्हा दोघींनाही तसं वाटत नाही. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात: इतकं स्पष्ट दिसतं, म्हणजे ते माझ्याच बाबतीत घडलं. तुमचा सगळा जीव तिथे अडकलाय, म्हणून आधी तिथेच वळते.

"लाल फ्रॉक घातलेली, पोत्यावर बसलेली मी मला दिसते." कुठून दिसते हो? पोत्यावर बसलेल्या चार वर्षांच्या पोरीला स्वतःचा फ्रॉक दिसेल तो गुडघ्यापुरता. बाकी माणसांच्या पोटऱ्या, धोतरांचे सोगे, चपला, म्हाताऱ्याचा हात. तुम्हाला मात्र ती पोर अख्खी दिसते, समोर उभं राहून पाहावं तशी. याचा अर्थ लगेच "सापडली चोरी" असा काढू नका. स्वतःच्या खऱ्याखुऱ्या जुन्या आठवणीही माणसं अशी बाहेरून पाहतात. नायग्रो आणि नायसर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये यावर लिहिलं आहे, आणि जितकी आठवण जुनी तितकं हे बाहेरून पाहणं जास्त, असं त्यांना आढळलं. म्हणजे या चित्रावरून आठवण तुमची नाही असं ठरत नाही. पण तुमचीच आहे असंही ठरत नाही. हे चित्र बहुधा कधीतरी नंतर तयार झालंय. कारण त्या दिवशी त्या जागी उभं राहून तुमच्याकडे बघणाऱ्या तुम्ही नव्हता.

आपल्याला काय आठवतं आणि ते कुठून आलं, ही दोन वेगळी कामं आहेत. मार्सिया जॉन्सन, शाहीन हाश्त्रूदी आणि स्टीफन लिंडसे यांनी १९९३ मध्ये हे नीट मांडलं: आठवणीवर तिच्या उगमाची चिठ्ठी चिकटवलेली नसते. हे मी पाहिलं, की ऐकलं, की नुसतं मनात आणलं, हे मेंदू दर वेळी नव्याने ठरवतो, आणि ठरवतो ते आठवणीच्या रंगारूपावरून. रंग आहे, आवाज आहे, वास आहे, म्हणजे पाहिलेलं असणार. आता तुमच्या घरात ही गोष्ट किती वेळा सांगितली गेली असेल याचा अंदाज करा. दर पोळ्याला आई सांगत असणार, पाहुण्यांसमोर, बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला आलेल्या पोरांसमोर. बहीण तर शब्द घासून-पुसून सांगत होती, असं ती स्वतःच म्हणते. इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीला रंग चढणारच. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरून आलेल्या मेसेजसारखं आहे हे. मजकूर शब्दन् शब्द शाबूत येतो, पहिल्यांदा लिहिणाऱ्याचं नाव वाटेत कधी गळून पडलं ते कोणालाच कळत नाही.

आणि तुम्हा दोघींचं हे भांडण काही जगावेगळं नाही. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना बालपणीच्या आठवणी सांगायला लावल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक जोड्यांत निदान एक तरी आठवण अशी निघाली, जी दोघांनाही आपलीच वाटत होती. जुळे नसलेल्या भावंडांत आणि मित्रांतही असे वाद निघाले. मला वर्षानुवर्षं येणाऱ्या पत्रांत एक गंमत दिसते: भांडण होतं ते "मी पडलो होतो", "मी हरवले होते", "शाबासकी मला मिळाली होती" यावर. शेजारच्यांच्या पेरूंवर दगड कोणी मारले होते, यावर मालकी सांगायला कोणी पुढे येत नाही.

जाँ पियाजे यांची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे, कारण लहान मुलांच्या बुद्धीचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस. आपण अगदी लहान असताना पॅरिसच्या रस्त्यावर बाबागाडीतून आपल्याला पळवण्याचा प्रयत्न झाला, दाईने झुंजून वाचवलं, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, शिपाई धावत आला, हे सगळं त्यांना डोळ्यांसमोर दिसायचं. ते पंधराएक वर्षांचे झाले तेव्हा त्या दाईचं घरी पत्र आलं. तो सगळा बनाव होता असं तिने कबूल केलं आणि बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळ परत पाठवलं. लहानपणी घरात ऐकलेली गोष्ट त्यांनी पाहिलेली म्हणून जपली होती. तुमचं तसं नाही, तुमच्या घरी घटना खरोखर घडलीय. फक्त ती कोणाबरोबर घडली, एवढाच प्रश्न आहे. लोक हरवण्याची सबंध आठवण नव्याने "मिळवू" शकतात, हेही दिसून आलं आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांनी १९९५ मध्ये २४ जणांना "तू पाच वर्षांचा असताना बाजारसंकुलात हरवला होतास" अशी घरच्यांच्या हवाल्याने रचलेली गोष्ट दिली, आणि साधारण चौथ्या हिश्शाला ती थोडी किंवा पूर्ण "आठवली". अभ्यास लहान होता, त्यावर टीकाही झाली. २०२३ मध्ये १२३ जणांवर तो पुन्हा केला गेला तेव्हा प्रमाण कमी निघालं नाही, उलट वाढलेलं निघालं.

आता माझं मत. तुम्ही विचारलं नाही, पण ते जाणून घ्यायचंच म्हणून पत्र लिहिलंय असा माझा समज आहे. पारडं थोडं बहिणीकडे झुकतं.

कारण एक तर वय. चार वर्षांचं पोर आणि आठ वर्षांचं पोर, यात आठचं पोर जास्त टिकाऊ आठवण घेऊन घरी येतं. पण मला जास्त खटकलं ते दुसरंच. पत्रासोबत जोडलेला तुमचा लेख मी नीट वाचला. त्यात आई आहे, म्हातारा आहे, पिवळी मारबत आहे, मारबतीसोबत निघणाऱ्या पुतळ्यांच्या, म्हणजे बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्या आहेत, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी आहे. बहीण कुठेच नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आई चार वर्षांच्या पोरीला मारबत दाखवायला नेते आणि आठ वर्षांची घरी राहते, हे मला पटत नाही. राहिली असेल तर का राहिली, ताप होता का, आत्याकडे होती का, हे तुम्हाला सांगता यायला हवं. उलट बहिणीच्या आठवणीत तुम्ही आहात, आणि कुठे आहात तेही ठरलेलं आहे: आईच्या कडेवर. ज्या हकिगतीत दोघींना जागा आहे ती मला जरा जास्त भरवशाची वाटते. हा अंदाज आहे, निकाल नाही. तुमच्या लेखात बहीण का नाही याचं साधं उत्तर तुमच्याकडे असेल, तर माझा अंदाज इथेच कोसळतो.

आणि खरं सांगू का, निकालाची इतकी गरजही नाही. ज्या मारबतीत हे घडलं तिचंच बघा ना. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. पण काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची बाकाबाई, की कृष्णाला विष पाजायला आलेली पूतना, यावर इतवारीत दोन दुकानं सोडून तिसऱ्या दुकानात मत बदलतं. मिरवणूक काही त्यासाठी थांबत नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. आठवण माझी नसेल तर भीती कोणाची?

भीती तुमचीच. ती बहिणीकडून उसनी आणलेली नाही आणि परत करायचीही नाही. बहिणीचं म्हणणं घटकाभर खरं मानून त्या दिवसाकडे बघा. तुम्ही आईच्या कडेवर. आईच्या लक्षात येतं की थोरली दिसत नाही. ती ओरडते, पण ढोलताशांत तिचा आवाज कोणाला ऐकू जाणार? ती गर्दीतून आडवी घुसते, तुम्हाला एका हाताने इतकं आवळून धरते की दुखावं, दुसऱ्या हाताने माणसं बाजूला सारते. तुमची छाती तिच्या छातीला टेकलेली. त्या सबंध वेळात थोरली पोत्यावर बसून, हातात नंदी घेऊन, कदाचित शेंगा खात असेल. म्हाताऱ्याने तिला धीर दिला होता. कडेवरच्या पोरीला धीर द्यायला कोणी नव्हतं. जिच्याकडून तो मिळायचा, तीच कधी नव्हे इतकी घाबरलेली होती. त्या दिवशी त्या गर्दीत सगळ्यांत जास्त भीती कोणाच्या अंगात उतरली असेल, तर ती हरवलेल्या पोरीच्याच, असं कोण म्हणेल?

हे असंच झालं असं मी म्हणत नाही. मला ते कळण्याचा मार्ग नाही, तुम्हालाही नाही. पण भीती आधी अंगात बसली आणि तिला शोभेलशी गोष्ट नंतर घरातूनच मिळाली, हे अगदी शक्य आहे. शरीर धडधडतं, आणि मन हाताशी असलेलं कारण त्याला लावून मोकळं होतं. डटन आणि अॅरन यांचा १९७४ चा प्रयोग यासाठीच गाजला: व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावर ज्या पुरुषांना एका तरुणीने प्रश्नावली भरायला सांगितली, त्यांच्यापैकी जास्त जणांनी नंतर तिला फोन केला, भक्कम पुलावरच्यांपैकी कमी जणांनी. पुलामुळे आलेली धडधड त्यांनी तिच्या नावावर जमा केली, असा अर्थ काढला गेला. त्या अर्थावर पुढे वादही झाले. तरी धडधडीचं खापर चुकीच्या गोष्टीवर फुटू शकतं, हे कोणत्याही जनरल प्रॅक्टिशनरला विचारा, तो रोजच्या ओपीडीतली उदाहरणं देईल.

म्हणून तुम्हाला एक रोकडा प्रश्न. घटना ४८ वर्षांपूर्वीची, आणि सीताबर्डीला जाणं बंद झालं ते दोन वर्षांपूर्वी. मधली इतकी वर्षं तुम्ही नोकरी केलीत, बर्डीवर दिवाळीची खरेदी केली असेल, बसमध्ये लोंबकळत गेला असाल. मग आत्ताच काय झालं? तुमचं वय ५२ आहे. रजोनिवृत्तीच्या आसपास बसल्याजागी धडधडणं, घाम फुटणं, एकदम गुदमरल्यासारखं होणं हे सर्रास होतं. थायरॉइड बिघडलं की होतं, हिमोग्लोबिन उतरलं की होतं, हृदयाचे ठोके चुकत असले तरी होतं. या सगळ्याचं बिल तुम्ही एका चार वर्षांच्या पोरीच्या नावावर फाडत असाल तर? आधी डॉक्टर गाठा. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, बीपी. डॉक्टरांना मारबतीची गोष्ट सांगू नका असं नाही, पण ती शेवटी सांगा. आधी धडधड कधी, किती वेळ, कशाने थांबते, ते सांगा.

तपासण्या स्वच्छ निघाल्या, तर भीतीवर काम करता येतं, आणि त्यासाठी तिचं मूळ सापडावं लागत नाही. समुपदेशक बहुतेक वेळा पायरी-पायरीने गर्दीत न्यायला सांगतात. दुपारी बर्डीच्या मेट्रो इंटरचेंज स्टेशनवर उतरून, बाहेर न पडता नुसतं बसायचं. धडधड सुरू झाली की पळायचं नाही, ती ओसरेपर्यंत थांबायचं. मग एक दिवस मेन रोडच्या तोंडापर्यंत. मग एक दुकान. संध्याकाळची गर्दी सगळ्यांत शेवटी. सोबत कोणी असलं तर बरं, पण त्या माणसाने "चल, चल, काही होत नाही" असा धोशा लावू नये.

बक्षिसाचं. कायद्यापुरतं सांगायचं तर बहिणीला तुमच्या लेखावर हक्क सांगता येणार नाही. आपल्याकडचा कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, आणि कल्पना, विषय, घडलेली गोष्ट यांवर कोणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. मांडणी तुमची आहे. स्पर्धा लेखनाची होती, हरवण्याची नव्हती. म्हणून बक्षीस परत करायची घाई नको. पण हे कायद्याचं वाक्य बहिणीसमोर चुकूनही उच्चारू नका. सख्ख्या बहिणीला कलम दाखवणाऱ्या माणसांची पत्रं माझ्याकडे येतात, आणि ती फार लांबलचक असतात.

वाक्याची गोष्ट मात्र वेगळी. इथे मी बहिणीच्या बाजूने आहे. "बोट सुटलं तेव्हा आवाज झाला नाही" हे वाक्य ही मांडणीच आहे, आणि लेखातलं सगळ्यांत चांगलं वाक्य तेच आहे. (परीक्षकांनी त्याच वाक्यावर बक्षीस दिलं असावं, असा मला दाट संशय आहे.) कॉलेजातल्या मैत्रिणी अजून असतील; बहीण म्हणते तसं ती बोलायची का, हे विचारता येईल. पण ती इतक्या नेमकेपणाने सांगतेय तर विचारूही नका, देऊन टाका. ऐकलेलं वाक्य वर्षानुवर्षं आत मुरतं आणि एक दिवस आपलंच सुचलं म्हणून लेखणीतून उतरतं, हे भल्याभल्यांचं झालं आहे. हेलन केलर यांनी ११ वर्षांच्या असताना एक गोष्ट लिहून आपल्या शाळेच्या प्रमुखांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ती छापून आल्यावर मार्गारेट कॅन्बी यांच्या जुन्या गोष्टीशी तिचं कमालीचं साम्य निघालं. ती गोष्ट काही वर्षांपूर्वी हेलनच्या हातावर बोटांनी लिहून कोणीतरी वाचून दाखवली होती. हेलनला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. १८९२ मध्ये त्या मुलीला मोठ्या माणसांच्या समितीसमोर बसवून उलटतपासणी घेतली गेली. पुढे कितीतरी काळ, लिहिताना आपलं वाक्य आपलंच आहे ना, ही धास्ती तिला पुरली. तुमचं तसं होऊ देऊ नका. या एका वाक्यापायी लिहिणं थांबवलंत तर ते बहिणीलाही नकोच असणार.

आपल्याकडे तर ही परंपराच आहे म्हणा. नामदेवांच्या नावावर जमा झालेल्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्या, कारण दोघंही "नामा म्हणे" लिहिणारे आणि गाणाऱ्यांना गाण्याशी मतलब. त्या वेगळ्या करता करता अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. कोणी चोरी केली नव्हती. मात्र जिवंत माणसाला, आणि तेही अमरावतीइतक्या अंतरावरच्या, तिचं वाक्य तिच्या नावाने देण्यासाठी आपल्याला तीनशे वर्षं लागायची गरज नाही.

पुस्तक छापायला जायच्या आत संस्थेला एक चिठ्ठी द्या. लेखाच्या खाली छापायला एवढं पुरे:

"या लेखातला हरवण्याचा प्रसंग माझा की माझ्या थोरल्या बहिणीचा, याविषयी आमच्या घरात दोन आठवणी आहेत. मी मला आठवतो तसा लिहिला आहे. लेखातलं शेवटचं वाक्य तिचं आहे."

"बहिणीचा दावा आहे" असं लिहू नका, त्यात आरोपीच्या पिंजऱ्याचा वास येतो. "अनवधानाने", "क्षमस्व" वगैरेही नको. बक्षिसाबद्दल संस्थेला काय वाटायचं ते वाटू द्या. त्यांनी परत मागितलं तर द्या, मला नाही वाटत मागतील. आणि चिठ्ठी पाठवण्याआधी बहिणीला वाचून दाखवा. फोनवर नको. अमरावती काही लांब नाही, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

तिथे गेल्यावर कोण खरं यावर बसू नका. त्याऐवजी दोघींनी वेगवेगळ्या खोलीत बसून त्या दिवसाचं जे आठवतं ते कागदावर लिहा, न बोलता, मग कागद बदला. बोलत बसलात की तिचं तुमच्यात आणि तुमचं तिच्यात मिसळणार, आधीच पुरेसं मिसळलंय. लिहिताना "मला दिसतं" आणि "आई सांगायची" हे वेगळं लिहा. कदाचित दोघींच्या कागदावर एखादी अशी गोष्ट निघेल जी घरात कधीच सांगितली गेली नव्हती, त्या म्हाताऱ्याच्या पोत्यावर आणखी काय होतं, परत येताना रिक्षा केली की चालत आलात. असे सुटे तपशील सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या गोष्टीपेक्षा जास्त कामाचे.

आत्या नागपुरातच महाल भागात असतात असं तुमच्या पत्रात ओझरतं आलंय. त्यांना विचारायला हरकत नाही, पण कसं विचारता याला महत्त्व आहे. "आत्या, त्या मारबतीला मीच हरवले होते ना?" असं विचाराल तर ऐंशी ओलांडलेली माया करणारी बाई "हो गं बाई, तूच" म्हणेल, आणि बहिणीने विचारलं तर तिलाही तेच म्हणेल. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की अपघाताच्या फिल्मबद्दल विचारताना गाड्या "आदळल्या" म्हटलं की "लागल्या" म्हटलं, एवढ्या फरकाने माणसांनी सांगितलेला वेग बदलतो. म्हणून नुसतं म्हणा, "आत्या, आमच्या लहानपणी मारबतीला काही गडबड झाली होती का वो?" आणि मग गप्प राहा. तीही तिसरीच हकीगत सांगेल, अशी तयारी ठेवा.

असाच घोळ असणाऱ्या इतर वाचकांसाठी दोन शब्द, कारण या विषयावर पत्रं बरीच येतात. पुण्यतिथीच्या स्मरणिकेत "बाबा नेहमी म्हणत" म्हणून जी वाक्यं घातली जातात, त्यांतली निम्मी बाबांनी कुठेतरी वाचलेली असतात; "बाबांच्या वहीत लिहिलेलं सापडलं" एवढं म्हटलं की काम भागतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी लिहून घेत असाल तर वर तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव टाका, आणि "हे तुम्ही पाहिलं की ऐकलं?" हा प्रश्न तेव्हाच विचारा, नंतर विचारायला माणूस उरत नाही. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहा. व्हॉट्सअॅपवर एखाद्या थोर कवीच्या नावाने फिरणारी कविता पुढे ढकलताना त्याच्या छापील संग्रहात ती सापडते का ते बघा, सापडली नाही तर निदान नाव तरी काढून टाका. आणि ज्यांची पत्रं उलट बाजूने येतात, म्हणजे "पाटोडीचा रस्सा माझ्या आईच्या पद्धतीचा, आणि जाऊबाई सगळ्यांना आपला म्हणून सांगतात", त्यांना माझं सांगणं असं की चारचौघांत टोकू नका. त्यांना खरोखरच आपला वाटत असण्याची शक्यता मोठी आहे. एकट्यात, एकदाच, आणि आईने तो पहिल्यांदा कोणासाठी केला होता ते सांगून बोला.

ताई, बहीण कदाचित म्हणेल, "राहू दे ना आता, कशाला चिठ्ठी नि बिठ्ठी, लोक हसतील." म्हणेलच असं धरून चला, थोरल्या बहिणी असंच म्हणतात. तरी चिठ्ठी द्या. तिचं नाव छापायचं की नुसतं "थोरली बहीण", एवढं मात्र तिला ठरवू द्या.